सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या ई-मेलची पूर्वपीठिका

महाराष्ट्रात संगणकावरून बाहेर जाणाऱ्या ई-मेलचा इतिहास मुंबईतील जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर-संशोधन संस्थेपाशी सुरू होतो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हे शिक्षण-संशोधनाचे जाळे उभारायला घेतले आणि पुढच्याच वर्षी एनसीएसटी व पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून पत्रांची ये-जा सुरू झाली. त्यामागची यूयूसीपी ही पद्धत म्हणजे एका युनिक्स संगणकाने दुसऱ्याला फोन लावून तोवर साठलेल्या फायली एकगठ्ठा सोपवण्याची रीत होती. लाइन लागेपर्यंत पत्र रांगेत थांबे, आणि पत्ता लिहितानाही वाटेतल्या प्रत्येक संगणकाचे नाव उद्गारचिन्हाने जोडावे लागत असल्याने मार्ग ठाऊक असण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावरच पडे.

हे ओझे पुढे प्रणालीने उचलले. जॉन पोस्टेल यांनी 1982 साली लिहिलेल्या एसएमटीपी या संकेताने दोन सर्व्हरांमधील संवादाचे नियम ठरवले, तर एरिक ऑलमन यांच्या सेंडमेलने, म्हणजे पत्र स्वीकारून पुढच्या सर्व्हरकडे पोचवणाऱ्या प्रणालीने, 1983 पासून बर्कलीच्या युनिक्ससोबत सर्वत्र प्रवेश केला. तिची संरचना-फाइल मात्र इतकी दुर्बोध होती की अनुभवी व्यवस्थापकही तिला हात लावायला कचरत. शिवाय त्या काळचे सर्व्हर कोणाचेही पत्र कोणाकडेही पोचवत. या खुल्या रिलेचा नको असलेल्या जाहिरातींसाठी सर्रास गैरवापर होऊ लागला, तेव्हा 1998 च्या सेंडमेल 8.9 मध्ये ती मोकळीक मूळ संरचनेतूनच काढण्यात आली. त्याच वर्षी वित्से व्हेनेमा यांची पोस्टफिक्स प्रणाली आली आणि लिनक्स सर्व्हरवर टपालाची व्यवस्था बसवणे काही ओळींचे काम झाले.

अडचण त्यानंतर दुसरीकडे सरकली. पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनचा अधिकृत प्रतिनिधी आहे हे सांगणारी एसपीएफ नोंद, पत्रावरील डीकेआयएम ही सांकेतिक सही आणि तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे हे ठरवणारे डीमार्क धोरण यांवाचून मोठ्या टपालसेवा पत्र संशयास्पद मानतात; सर्व्हर-सर्व्हर संवादाचे 25 क्रमांकाचे पोर्ट तर अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर बंदच ठेवतात. स्वतःचा सर्व्हर थेट जगाशी बोलेल ही मूळ कल्पना त्यामुळे व्यवहारात मोजक्या बड्या कंपन्यांच्या हाती गेली, आणि ही घट म्हणावी लागेल.

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळसारख्या डोंगरमाथ्यावरच्या गावी शाळेने वा आरोग्य केंद्राने लिनक्स सर्व्हर बसवला, तर पोस्टफिक्सच्या 'रिलेहोस्ट' या ओळीत अधिकृत टपालसेवेचे नाव देऊन, 587 क्रमांकाच्या पोर्टवरून नाव-परवलीसह पत्र पाठवणे हाच आज शहाणपणाचा मार्ग ठरतो. जोडणी तुटली तरी पत्र रांगेत राहते आणि पोस्टफिक्स मूळ संरचनेनुसार पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करून मगच ते परत करते, म्हणजे यूयूसीपीच्या काळातील जुनी युक्ती येथे अजून कामाला येते. बसवणाऱ्याने मात्र सर्वांत आधी, सर्व्हर फक्त स्वतःचेच टपाल स्वीकारतो, बाहेरच्याचे नाही, याची खात्री करून घ्यावी.