थिएटर अकॅडमी, पुणे

पुणे येथील प्रायोगिक नाट्यसंस्था. स्थापना मार्च १९७३. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’, सतीश आळेकरांची ‘महानिर्वाण’ व ‘बेगम बर्वे’ आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ या प्रयोगांमुळे तिचे नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. नटसमूह हाच नाट्यनिर्मितीचा मूळ घटक मानून काम करणाऱ्या भारतीय संस्थांमध्ये तिचे स्थान अग्रगण्य आहे. ‘प्रायोगिक’ ही संज्ञा मराठीत व्यावसायिक रंगभूमीपासून वेगळेपण दाखवण्यासाठी वापरली जाते. प्रायोगिक रंगभूमीवरील कलावंत पोटापाण्यासाठी अन्य व्यवसाय करतात आणि तिकीटविक्रीपेक्षा आशय व रूप यांतील शोधाला महत्त्व देतात. थिएटर अकॅडमीच्या बाबतीत हे वर्णन अक्षरशः लागू पडते, कारण तिचे दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, प्रमुख नट मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आणि नाटककार-दिग्दर्शक सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करणारे होते.

संस्थेचा जन्म एका फुटीतून झाला. प्रा. भालबा केळकर यांच्या नेतृत्वाखालील प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन (पीडीए) ही त्या काळी पुण्यातील अग्रेसर हौशी संस्था होती. श्रीराम लागू यांच्यासारख्या नटांची जडणघडण तिच्यात झाली आणि जब्बार पटेलांनी तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ तिच्याच वतीने रंगमंचावर आणले. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोगही पीडीएनेच १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात केला. पेशवाईतील कारभारी नाना फडणवीस आणि त्यांनी १७७७ मध्ये पुण्याच्या कोतवालीवर नेमलेला, १७९१ मध्ये लोकांच्या क्षोभात मारला गेलेला घाशीराम सावळादास या ऐतिहासिक व्यक्तींचा आधार नाटकाला होता. याच विषयावर मोरोबा कान्होबा यांचे पुस्तक १८६३ सालीच प्रसिद्ध झाले होते. तेंडुलकरांना मात्र इतिहास सांगायचा नव्हता. सत्ता आपल्या सोयीसाठी एखाद्या माणसाला कशी वाढवते आणि काम झाल्यावर त्याला जमावाच्या हवाली कसे करते, हे त्यांना दाखवायचे होते. नानांचे विलासी चित्रण आणि पुण्याच्या ब्राह्मणवर्गाचे दर्शन यांवर तीव्र आक्षेप घेतले गेले आणि १९ प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवले. नाटक थांबवणे मान्य नसलेले कलावंत बाहेर पडले, त्यांनी थिएटर अकॅडमीची स्थापना केली आणि जानेवारी १९७४ मध्ये हे नाटक पुन्हा उभे केले. एका नाटकाचे प्रयोग करत राहण्याच्या हक्कासाठी आख्खा नटसंच संस्था सोडतो आणि नवी संस्था काढतो, ही घटना मराठी नाट्येतिहासात विरळा आहे, आणि पुढील वीस वर्षांतील संस्थेचा स्वभाव तिने ठरवून टाकला.

‘घाशीराम’चा रंगप्रयोग हा समूहनाट्याचा, म्हणजे एकदोन प्रमुख नटांऐवजी सगळ्या संचाच्या एकत्रित हालचाली, आवाज आणि लय यांवर तोललेल्या नाट्यप्रकाराचा, वस्तुपाठ मानला जातो. पडदा उघडल्यावर ब्राह्मणांची एक ओळ प्रेक्षकांसमोर उभी राहून डुलत गाते. हीच माणसांची ओळ पुढे भिंत होते, पडदा होते, जमाव होते, बावनखणीतील, म्हणजे पेशवेकालीन पुण्यातील कलावंतिणींच्या वस्तीतील, गिऱ्हाइके होते आणि गरज पडेल तेव्हा पाठ फिरवून आपल्यामागे चाललेले नानांचे खासगी व्यवहार झाकून टाकते. पाठ फिरवण्याची ही साधी कृती नाटकाचा आशयच बोलून दाखवते. समाजातील प्रतिष्ठित लोक अन्याय पाहत नाहीत याचे कारण त्यांना तो दिसत नाही हे नसून त्यांनी तोंड वळवलेले असते हे आहे, आणि ते येथे संवादाविना कळते. चोरीच्या आरोपावरून धरलेल्या ब्राह्मणाच्या तळहातावर तापलेला गोळा ठेवण्याचे दिव्य होते, त्या प्रसंगीही क्रौर्याचा परिणाम साधतो तो भोवतीच्या समूहाच्या प्रतिसादातून. कोकणातील नमन-खेळे व दशावतार, तमाशा आणि कीर्तन या लोकपरंपरांतील युक्त्या येथे एकत्र आल्या असल्या तरी कोणत्याही एका परंपरेची ती नक्कल नव्हती. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांनी त्या सर्वांना एका लयीत बांधले. अभंगाची चाल चालू असताना लावणी शिरते आणि पुन्हा भक्तिस्वर उमटतो, तेव्हा देवळातील आणि बावनखणीतील पुणे एकच असल्याचे कानांना पटते. मोहन आगाशे यांचा नाना आणि रमेश टिळेकर यांचा घाशीराम या भूमिका गाजल्या, परंतु चंद्रकांत काळे, रवींद्र साठे, आनंद मोडक यांच्यासारखे गाते नट ओळीत उभे होते म्हणूनच ती ओळ भिंत होऊ शकली, हे नमूद करणे आवश्यक आहे.

‘घाशीराम’वरचा वाद संस्थेच्या स्थापनेनंतरही संपला नाही. १९८० साली बर्लिनच्या महोत्सवाचे निमंत्रण आले, तेव्हा परदेशात मराठी इतिहासाची नाचक्की होईल असे म्हणत दौऱ्याला कडवा विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचले. अखेर संच युरोपात गेला आणि मराठी भाषेतील हे नाटक भाषा न समजणाऱ्या प्रेक्षकांनीही उचलून धरले. पुढे १९८६ मध्ये अमेरिकेचा दौराही झाला. याआधी १९७६ साली मणी कौल, के. हरिहरन आदींच्या युक्त या चित्रपट सहकारी संस्थेने याच नावाचा चित्रपट केला. त्यात आगाशे नानांच्याच भूमिकेत होते आणि घाशीरामची भूमिका ओम पुरी यांनी केली होती.

केवळ ‘घाशीराम’वरून संस्थेचे मोल ठरवणे अन्यायाचे होईल. २२ नोव्हेंबर १९७४ रोजी भरत नाट्य मंदिरातच आळेकरांच्या ‘महानिर्वाण’चा पहिला प्रयोग झाला. त्याचे लेखन व दिग्दर्शन दोन्ही त्यांचेच होते. चाळीत राहणारा भाऊराव मरतो आणि स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करू लागतो, ही त्याची मूळ कल्पना. जुने स्मशान बंद होणार असले तरी आपले दहन तेथेच व्हावे असा त्याचा हट्ट असतो, त्यामुळे अंत्यसंस्कार लांबत जातात आणि मुलगा नाना व पत्नी रमा यांचे आयुष्य प्रेताभोवती फिरत राहते. कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण आणि उत्तररंगात त्याला धरून आख्यान अशी रचना असते. आळेकरांनी ती मध्यमवर्गीय मरणाच्या कर्मकांडाला जोडली आणि चंद्रकांत काळे यांनी भाऊरावाच्या भूमिकेत कीर्तनकाराची लय, गोडवा आणि लाडिक आर्जव असे काही आत्मसात केले की हसू आणि अस्वस्थता एकाच वेळी उमटत राहिली. संगीत आनंद मोडकांचे होते. लेखनाच्या टप्प्यावरच नाटककाराला आपल्या नटांचे गळे आणि अंगलट ठाऊक असणे हा स्थिर नटसंचाचा सर्वांत मोठा लाभ असतो, आणि ‘महानिर्वाण’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

आळेकरांच्याच, मोहन गोखले यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘महापूर’नंतर १९७९ मध्ये आलेले ‘बेगम बर्वे’ अनेक अभ्यासक त्यांची श्रेष्ठ कृती मानतात. संगीत नाटकात किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता श्यामरावाच्या कह्यात राहून उदबत्त्या विकणारा बर्वे, आणि कचेरीत कारकुनी करणारे जावडेकर व बावडेकर, यांची स्वप्ने या नाटकात एकमेकांत मिसळतात. बर्वे त्या कारकुनांच्या कल्पनेतील स्त्री होतो, संसार मांडला जातो, मूल होण्याची चाहूलही लागते आणि मग सारे कोसळते. नाट्यपदे येथे सजावट म्हणून येत नाहीत. एका भूतपूर्व वैभवाचा तुकडा उराशी धरून जगणाऱ्या माणसाची ती श्वास घेण्याची जागा आहे. बालगंधर्वांच्या परंपरेकडे मराठी माणूस ज्या हळवेपणाने पाहतो, त्याचे इतके प्रेमळ आणि इतके निष्ठुर परीक्षण दुसऱ्या नाटकात क्वचितच झाले असेल. बर्व्याच्या भूमिकेत चंद्रकांत काळे होते. अमल अल्लाना यांनी या नाटकाचा हिंदी प्रयोगही केला.

१९७८ मध्ये संस्थेने बेर्टोल्ट ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. चंदावरकर, मोडक आणि नंदू भेंडे या तिघांनी त्याचे संगीत केले, आणि नाट्यसंगीत, लोकसंगीत व पाश्चात्त्य पॉप यांचा मेळ मराठी रंगमंचावर तोवर ऐकू न आलेला होता. अरुण साधू यांचे ‘पडघम’ (१९८५) हे युवक चळवळींवरील संगीतप्रधान नाटकही पटेल-मोडक जोडीचेच होते. पटेलांच्या ‘सामना’, ‘सिंहासन’ इत्यादी चित्रपटांतून संस्थेतील नट राज्यभर पोहोचले.

निर्मितीइतकेच महत्त्वाचे, तरी कमी बोलले गेलेले कार्य संघटनेचे होते. श्रीधर राजगुरू यांच्यासारखे कार्यकर्ते दौरे, तिकिटे, सामानाचे पेटारे आणि नोकरदार नटांच्या रजा यांची मोट बांधत, आणि त्यांच्याविना इतक्या मोठ्या संचाचे नाटक वर्षानुवर्षे चालले नसते. १९८५ पासून फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने संस्थेने नवे नाटककार घडवण्याची आणि महाराष्ट्रातील ठिकठिकाणच्या नाट्यगटांना उभारी देण्याची योजना सुमारे दशकभर राबवली. तिची आखणी प्रामुख्याने आळेकरांची होती. त्यामुळे पुण्या-मुंबईबाहेरील लेखकांना आपला मजकूर तालमीत तपासून पाहण्याची सोय झाली. याच सुमारास मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरशी संबंध जोडला. परीकथांऐवजी मुलांच्या खऱ्या अडचणी मांडायच्या आणि मुलांच्या भूमिका मोठ्या नटांनी करायची, ही ग्रिप्सची पद्धत १९८६ पासून पुण्यात रुजली. श्रीरंग गोडबोले आदींनी ती मराठीत पुढे नेली.

नव्वदच्या दशकात ‘घाशीराम’चे मूळ संचातील प्रयोग थांबले. नटांचे वय वाढले होते, काही जण चित्रपट व दूरचित्रवाणीकडे गेले होते आणि समूहनाट्याला लागणारी सततची तालीम अवघड झाली होती. १९९९ साली ‘महानिर्वाण’ पंचवीस वर्षांच्या निमित्ताने पुन्हा रंगमंचावर आणले गेले. संहिता छापील स्वरूपात उपलब्ध असल्या तरी ओळीतील माणसांनी श्वास एकत्र कसा घ्यायचा, पाठ फिरवताना पाऊल कोणते उचलायचे, कीर्तनाच्या चालीत संवाद कोठे तोडायचा हे ज्ञान तालमीतून तालमीतच हस्तांतरित होते. म्हणून संस्थेच्या वारशाचा खरा सन्मान स्मृतिग्रंथापेक्षा प्रशिक्षणात झाला असे म्हणावे लागते. आळेकरांनी १९९६ पासून २००९ पर्यंत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुखपद सांभाळले, आगाशे १९९७ ते २००२ या काळात फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे संचालक होते, आणि एकेकाळी ज्या तालमी नोकरीच्या वेळेनंतर, संध्याकाळी होत, त्यांतील पद्धती अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पुढच्या पिढीच्या नटांना शिकवल्या जाऊ लागल्या.