दोन चाकांचे दान

सायकल हे वाहन आपल्याकडे इतके घरचे होऊन बसले आहे की, त्याला काही इतिहास असेल हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. टपालवाला, दूधवाला, पेरूची टोपली बांधून फिरणारा बागवान आणि शाळेला निघालेला मास्तर यांच्या पायांखाली ते मुकाट्याने फिरत राहिले. राजाची स्वारी हत्तीवरून निघे, पुढाऱ्याची मोटारीतून निघते. सायकलीच्या नशिबी स्वारीचा मान नाही. तथापि गेल्या दीडशे वर्षांत याच वाहनावरून काही विलक्षण यात्रा निघाल्या आणि वाटेवरच्या माणसांना त्यांनी काही ना काही दिले. उमरखेडला मुलांना इतिहास शिकविताना हे पाठ्यपुस्तकात नसलेले प्रकरण मला वारंवार आठवते. त्याचा आमच्या गावाशी काय संबंध, तेही ओघाने येईलच.

प्रारंभ इंग्लंडात झाला. १८७८ साली यॉर्कशायरमधील हॅरोगेट गावी हौशी सायकलस्वारांनी एक मंडळ स्थापन केले. त्या काळची सायकल म्हणजे पुढे पुरुषभर उंचीचे चाक आणि मागे एक चिमुकले. उतारावर तोल गेला की स्वार डोक्यावरच आपटायचा. म्हणून मंडळाने वर्गणीच्या पैशातून अवघड उतारांच्या तोंडाशी धोक्याच्या पाट्या उभारल्या. पुढे १८८६ साली दुसऱ्या एका सायकल संघटनेच्या सहकार्याने रस्ते सुधारण्यासाठी स्वतंत्र संस्थाच निघाली. अमेरिकेतही १८८० साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघाने चांगल्या रस्त्यांची चळवळ चालविली. गंमत अशी की, ज्या रस्त्यांसाठी हे लोक भांडले, त्यांवरून शेतकऱ्याच्या गाड्या गेल्या आणि पुढे मोटारी धावल्या. हौशी लोकांची वर्गणी अशी साऱ्या मुलखाच्या कामी आली.

यानंतर यात्रेला मदतीची जोड मिळाली. १९८० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात बिली स्टार नावाच्या तरुणाने छत्तीस स्वार जमविले आणि कर्करोगाच्या उपचारासाठी दहा हजार दोनशे डॉलर गोळा केले. रीत साधी होती. स्वाराने आपल्या ओळखीच्यांना म्हणायचे, ‘मी इतके अंतर तोडतो, तुम्ही त्या कामाला इतके द्या.’ अंग कष्टवायचे आपले, आणि मागायचे दुसऱ्यासाठी. वऱ्हाडच्या माणसाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे ज्या धर्मशाळा उभ्या केल्या, त्या अशाच मागण्यातून. आधी गाव झाडून द्यायचे, मग लोकांसाठी मागायचे, आणि स्वतःच्या गाडग्यात भाकरीपलीकडे काही ठेवायचे नाही, हा त्यांचा हिशोब होता.

आपल्या विदर्भाने या इतिहासात एक मोठे पान घातले आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन वसविणारे बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा काढली. शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते. सत्तरीला पोहोचलेल्या बाबांना पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसणेही अशक्य होते. ते गाडीत आडवे पडून या मुलांबरोबर गेले. १९८८ साली दुसरी यात्रा अरुणाचलातील इटानगरहून गुजरातेतील ओख्याकडे निघाली. पंजाब धुमसत होता, १९८४ च्या कत्तलीच्या जखमा ओल्या होत्या. अशा वेळी परभाषेच्या प्रांतात, परक्याच्या अंगणात उतरून त्याच्या हातची भाकरी खाणारी ही पोरे होती. या यात्रेने पैशाचे अनुदान वाटले नाही. मोटारीतला पाहुणा गाव ओलांडून जातो. सायकलवाल्याला मात्र पाणी मागण्यासाठी थांबावेच लागते, आणि बाबांना नेमके तेच थांबणे हवे होते.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे चार हजार आठशे किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्यांनी ती आदिवासींच्या नेत्रोपचाराच्या कामाशी जोडली होती. शर्यतीची बातमी वर्तमानपत्रात एक दिवस छापली जाते; ज्याला दिसू लागले, त्याला ती जन्मभर पुरते.

परंतु या साऱ्या यात्रांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे. धूळ खाली बसल्यावर गावात काय उरते? फलक, हार आणि छायाचित्र एवढेच उरत असेल, तर ती यात्रा स्वारांसाठी होती, गावासाठी नव्हे. माझ्या मते सर्वांत खरे उत्तर त्यांनी दिले, ज्यांनी सायकलच गावात ठेवली.

२००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर अमेरिकेतील एका दांपत्याने पुढच्याच वर्षी एक सायकल संस्था काढली आणि श्रीलंकेत सुमारे चोवीस हजार सायकली दिल्या. पुढे आफ्रिकेत काम करताना या संस्थेने दणकट बांध्याची सायकल बनविली आणि ती दुरुस्त करणारे कारागीर त्याच मुलखात तयार केले. तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या काही वर्षांत साक्षरतेच्या चळवळीबरोबर लाखावर ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बायकांच्या सायकली मिळेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. काहींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण मधल्या दांडीवर पोर बसविता येते! बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांनी हिशोब मांडला, तेव्हा योजनेच्या वयातील मुलींची माध्यमिक शाळेतील भरती बत्तीस टक्क्यांनी वाढलेली दिसली. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा लाभ विशेष होता.

महाराष्ट्रानेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान दिले. २०२२ साली ती रक्कम पाच हजार झाली. लांबच्या मुलींसाठी त्याच कार्यक्रमातून बसगाड्या धावल्या.

आता आमच्या गावाचा संबंध सांगतो. उमरखेड तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते. पलीकडे नांदेड जिल्हा. अभयारण्याच्या ज्या भागाला आम्ही ‘बंदीभाग’ म्हणतो, तिथल्या लहान गावांतून शाळा गाठणे हेच अर्धे शिक्षण आहे. मुलगा पायी जातो, कुणाच्या गाडीवर बसतो, पोहोचतो. मुलीच्या बाबतीत मात्र आधी घरात विचार होतो, आणि त्या विचाराचा शेवट पुष्कळदा लग्नात होतो. सायकल हा विचार लांबवते. सातवीनंतर घरी बसली असती अशी मुलगी दहावीपर्यंत पोहोचते, आणि एकदा दहावी झाली की बापही अकरावीचे बोलू लागतो. हे मी वर्गात बसून पाहिले आहे.

तसेच दुसरेही पाहिले आहे. एक मुलगी चार दिवस आली नाही. दुखणे नव्हते, घरात कार्यही नव्हते. ट्यूब फाटली होती, गावात पंक्चर काढणारा नव्हता, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती सायकल तालुक्याला नेण्याइतकी सवड बापाला नव्हती. हजारो रुपयांची वस्तू एका ट्यूबपायी भिंतीला टेकून उभी होती. म्हणून आफ्रिकेत कारागीर घडविणाऱ्या त्या संस्थेचे मला विशेष कौतुक वाटते. दान करणारा वस्तू देऊन मोकळा होतो; ती चालू ठेवण्याची जबाबदारी मात्र ज्याच्यापाशी काही नाही, त्याच्यावर पडते.

आजकाल शहरांतून पुष्कळ सायकल मंडळे निघाली आहेत. रविवारी पहाटे ती मंडळी उत्साहाने दूरदूर जातात, आणि त्यांच्या आरोग्याचा मला आनंदच आहे. त्यांनी वर्षातून एकदा आडवाटेच्या शाळेची वाट धरावी. हारतुरे नकोत. एक पंप, पान्यांचा संच, ट्यूबा आणि चिकटविण्याचे सामान शाळेत ठेवावे, आणि आठवी-नववीच्या चार मुलींना पंक्चर काढायला शिकवून जावे. एवढ्याला फार पैसा लागत नाही, एक दिवस लागतो. पाव्हणे परत गेल्यावर सोमवारी त्या मुली शाळेत वेळेवर आल्या, तर यात्रा गावाला पावली असे खुशाल समजावे.