मक्याच्या अंतःप्रजात वंशांचे मूल्यमापन

मक्याच्या अंतःप्रजात वंशांचे मूल्यमापन म्हणजे सलग पाच ते सात पिढ्या स्वपरागण करून स्थिर केलेल्या मका-वंशांची पिकाचे गुण, उत्पन्न आणि संकरासाठीची योग्यता या दृष्टीने केलेली पारख होय. मका हे परपरागित पीक असल्याने सक्तीच्या स्वपरागणाने त्याचा जोम घटतो. झाड ठेंगणे राहते व कणीस लहान भरते. अशा दोन दुबळ्या वंशांचा संकर केल्यास जोम परत येतो, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी १९०८–०९ मध्ये दाखवून दिले.

शेतातील चाचणी

वंशांची लागवड पुनरावृत्तींसह आणि शक्यतो अनेक ठिकाणी व हंगामांत करतात. उंच संकरित वाणांची सावली पडू नये म्हणून त्यांची चाचणी वेगळी घेतली जाते. उगवण, झाडाची व कणसाची उंची, लोळण्याचे प्रमाण, खोडकूज, करपा आणि दाण्यांचे वजन यांच्या नोंदी ठेवतात. तुरा व स्त्रीकेसर बाहेर पडण्यातील अंतर विशेष बोलके असते. पाण्याचा ताण पडला की स्त्रीकेसर उशिरा निघतात, तोवर पराग संपत आलेला असतो आणि कणसात दाणे भरत नाहीत. ताणातही हे अंतर कमी राहणारा वंश अवर्षणास अधिक तोंड देतो.

संकरातील चाचणी

उंची किंवा फुलोऱ्याचा काळ वंशावरून बराचसा ओळखता येतो. संकराचे उत्पन्न मात्र तसे ओळखता येत नाही. प्रत्यक्ष संकर करूनच ते कळते. परंतु १०० वंशांचे आपापसांत ४,९५० एकेरी संकर होतात. म्हणून प्रथम सर्व वंशांचा एकाच परीक्षक वाणाशी संकर करून निकृष्ट वंश वगळतात. स्प्रेग व टॅटम यांनी १९४२ मध्ये सर्वसाधारण व विशिष्ट संयोगक्षमता असा भेद केला. पहिली वंशाची अनेक संकरांतील सरासरी कामगिरी दर्शवते, तर दुसरी ठरावीक जोडीचे वेगळेपण.

तरीही वंशाचे स्वतःचे उत्पन्न गौण नाही, कारण एकेरी संकराचे बियाणे मादी वंशाच्याच कणसांवर तयार होते. सुरुवातीच्या वंशांपासून ते इतके थोडे मिळे की डोनाल्ड जोन्स यांनी चार वंशांचा दुहेरी संकर सुचवला. भारतात १९६१ साली प्रसारित झालेले पहिले संकरित वाणही दुहेरी संकरच होते. पुढे वंश सुधारत गेल्यावर एकेरी संकर परवडू लागला. आयोवा येथे निवडलेला व १९७२ मध्ये प्रसारित झालेला ‘बी ७३’ हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. मिसूरीच्या ‘एमओ १७’शी झालेला त्याचा संकर अमेरिकेत मोठ्या क्षेत्रावर घेतला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला मक्याचा संदर्भ जनुकसंचही ‘बी ७३’चाच आहे.