बोटांनी वाचलेला इतिहास

काशीच्या शिंदे घाटाचा पाठ सुरू झाला की मुलांची नजर आधी चित्राकडे जाते. बायजाबाई शिंदे यांनी इ. स. १८३०च्या सुमारास बांधविलेला हा घाट, त्याच्या पायऱ्या, आणि पाण्यालगत एका बाजूस कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर. ‘कललेले’ या शब्दाचा अर्थ डोळस मुलाला क्षणात उमगतो. ज्याला चित्र दिसत नाही त्याने तो कसा जाणावा? दृष्टिहीनांच्या शिक्षणाचा इतिहास हा याच प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

पॅरिसच्या अंधशाळेत पूर्वी छापील अक्षरेच उठावदार करून देत. ती कशीबशी वाचता येत. स्वतः लिहिणे मात्र दुरापास्त होते. त्याच शाळेचा विद्यार्थी लुई ब्रेल याने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी सिद्ध केली आणि अंध वाचक लिहिता झाला. मुंबईत १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंधांसाठी शाळा काढली. तेव्हा आपल्या देशात निरनिराळ्या ब्रेल लिप्या रूढ होत्या. १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली आणि भारतीय भाषांना एक समान आधार मिळाला. तीत स्वरचिन्हे व्यंजनाच्या वर-खाली बसत नाहीत. उच्चारक्रमाने पुढे येतात. ‘शिंदे’ हा शब्द श, इ, अनुस्वार, द, ए असा बोटांखालून सरकतो. २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले आणि पाठ्यपुस्तकापलीकडचे वाचनही हाती आले.

अक्षर असे हाती आले. चित्रे आणि नकाशे मात्र बहुधा मागेच राहिले. वास्तविक त्यांना मोठा खर्च लागत नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटविल्या की पायऱ्या होतात, सुताच्या नागमोडी ओळींनी नदी होते, खरखरीत कागदाचे मंदिर होते. मंदिराशेजारी एक काडी सरळ उभी चिकटवावी. एक बोट काडीवर, दुसरे मंदिराच्या कडेवर फिरले की कल आपोआप समजतो. नावा, माणसे, कोरीवकाम मात्र वगळावे. तपशिलांची गर्दी झाली की बोटे गोंधळतात. शिक्षकाने सोबत बोलत राहणेही तितकेच आवश्यक आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना सर्वांसोबत शिकण्याचा अधिकार दिला आहे. तथापि वर्गात प्रवेश मिळूनही ‘चित्र पाहा’ या सूचनेपाशी जो विद्यार्थी थांबतो, तो त्या तासापुरता वर्गाबाहेरच असतो. साठ वर्षांची परंपरा सांगणाऱ्या शाळेने आपल्या ग्रंथालयाचा एक कप्पा स्पर्शचित्रांसाठी राखावा. माजी विद्यार्थी व पालक यांनी एकेक पाठ वाटून घेतला, तर तो कप्पा भरावयास फार काळ लागणार नाही.