स्कायलॅबची रात्र

घरातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांपुढे एकदा ‘स्कायलॅब’ म्हणून बघा. आमची आजी लगेच सरसावून बसते. १९७९ची आषाढी नुकतीच झाली होती. आकाशातून काहीतरी पडणार, अख्खं गाव जाणार, अशी आवई शिरूर-दौंडकडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली होती. मरायचंच आहे तर खाऊन मरू म्हणून लोकांनी कोंबडे कापले, असं ती सांगते. आम्ही हसायचो.

पण भीती अगदीच खुळी नव्हती. स्कायलॅब हे अमेरिकेचं पहिलं अवकाश स्थानक, वजन सुमारे ७७ टन. सॅटर्न रॉकेटच्या टप्प्याच्या रिकाम्या टाकीतच घर थाटलेलं. १४ मे १९७३ला उड्डाणातच त्याचं संरक्षक कवच उखडलं. एक सौरपंख तुटला, दुसरा अडकला. आत नुसती भट्टी. अकरा दिवसांनी निघालेल्या तिघांनी एका झरोक्यातून छत्रीसारखं कापड बाहेर उघडून सावली केली. पुढे त्यांतल्या दोघांनी बाहेर जाऊन अडकलेला पंख मोकळा केला. अवकाशात एवढी मोठी दुरुस्ती करता येते, हे तिथे कळलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. कक्षा उंचावेल असं इंजिनच स्कायलॅबला नव्हतं. पुढे स्पेस शटल येऊन वर ढकलेल, असा हिशोब होता. शटलला उशीर झाला. त्यात सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला, वरचं वातावरण फुगलं आणि त्याच्या घर्षणाने स्थानक खाली येऊ लागलं. त्याची वाट ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण या पट्ट्यातली. आपण साधारण साडेअठरा अंशांवर, म्हणजे बरोबर त्या वाटेखाली. कुणा ना कुणा माणसाला तुकडा लागण्याची शक्यता नासाच्या मते १५२त १ होती. ज्यांच्या डोक्यावर ती होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

११ जुलैला, आपल्या रात्री दहाच्या सुमारास, ते हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर कोसळलं. कुणाला इजा झाली नाही. एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने कचरा केल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोकला!

२००१मध्ये रशियाने ‘मीर’ मालवाहू यानाच्या इंजिनांनी ढकलून, ठरवून दक्षिण प्रशांत महासागरात उतरवलं.

आता पाळी आपली. १६ जानेवारी २०२५ला इस्रोने स्पेडेक्सची दोन यानं अवकाशात जोडली. २०३५पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानक उभं करायचं आहे. आजीला हे सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, “आणि उतरवणार कुठं?”

या वेळी मी हसलो नाही.