भूक, मिरची आणि राम्यॉन

पुण्यामुंबईच्या बऱ्यापैकी मोठ्या किराणा दुकानात हल्ली एक काळे पाकीट हमखास दिसते. त्यावर तोंडातून आग ओकणारी कोंबडी असते, बाजूला कोरियन अक्षरे असतात. 'बुलदाक' हे त्याचे नाव. 'बुल' म्हणजे आग आणि 'दाक' म्हणजे कोंबडी. कॉलेजातली मुले पैजा लावून या नूडल्स खातात, डोळे पुसतात, दूध पितात आणि पुन्हा खातात. माझ्या घरीही ही पाकिटे येतात. ती पाहताना मला एक प्रश्न पडत गेला. हे तिखट आले कुठून? आणि अख्ख्या जगाला त्याची गोडी का लागली? शोध घेऊ लागलो, तेव्हा वाट चवीकडून भुकेकडे वळली.

आधी मिरचीचे पाहू. कोरियन जेवण मिरचीशिवाय आपण कल्पू शकत नाही. पण मिरची जशी आपली नव्हे तशी कोरियाचीही नव्हे. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. गोवा, मकाव आणि नागासाकी ही त्यांच्या जहाजांची ठरलेली वाट होती. जपानमधून ती सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या युद्धकाळात कोरियात गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही. यी सु-ग्वांग या विद्वानाच्या १६१४ च्या 'जिबोंग युसोल' या कोशवजा ग्रंथात तिची नोंद आहे. ती जपानहून आली आणि तिच्यात जहाल विष आहे, असे तो सांगतो. अठराव्या शतकापर्यंत हे 'विष' किमचीत जाऊन बसले होते. म्हणजे कोल्हापूरचा तांबडा रस्सा आणि सोलचा लाल रस्सा यांचे मूळ एकाच समुद्रप्रवासात आहे.

राम्यॉनचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा आहे. राम्यॉन म्हणजे कोरियन झटपट नूडल्स. ही कल्पना जपानची. मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये शेवया वाफवून, तेलात तळून वाळवण्याची युक्ती शोधली. तळताना शेवयांतले पाणी उडून जाते, त्या जागी बारीक छिद्रे राहतात आणि उकळते पाणी पडताच ती भरून शेवया पुन्हा मऊ होतात. आपल्या कुरडया-पापड्यांचे वाळवण उन्हात होते, हे तेलात झाले, एवढाच फरक.

त्या वेळी कोरिया युद्धातून नुकता उठत होता. १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली, पण शेते, कारखाने, शहरे उद्ध्वस्त होती. अमेरिकेने १९५४ मध्ये पीएल-४८० हा कायदा केला आणि आपला जादा गहू गरजू देशांना सवलतीत द्यायला सुरुवात केली. दक्षिण कोरिया त्या गव्हाचा एक घेणेकरी होता, भारत दुसरा. भात खाणाऱ्या देशात गहू आला, पण त्याचे करायचे काय, हे लोकांना ठाऊक नव्हते.

चॉन जुंग-युन हे पूर्वी विमा व्यवसायात होते. सोलच्या नामदेमुन बाजारात त्यांनी एक रांग पाहिली. लोक 'कुलकुरी जुक' नावाची पेज घ्यायला उभे होते. शब्दशः अर्थ 'डुकरांची पेज'. अमेरिकी लष्करी तळांवरचे उष्टे-खरकटे एकत्र उकळून ती केलेली असे. जपानमध्ये खाल्लेल्या नूडल्स त्यांना आठवल्या. त्यांनी टोकियोच्या म्योजो कंपनीचे दार ठोठावले. म्योजोच्या प्रमुखांनी यंत्रे माफक दरात दिली आणि तंत्र विनामोबदला दिले. ज्या जपानने पस्तीस वर्षे कोरियावर राज्य केले आणि तिथला तांदूळ आपल्याकडे नेला, त्याच जपानमधल्या एका व्यावसायिकाचे हे औदार्य! दोन देशांमध्ये त्या वेळी राजनैतिक संबंधही नव्हते, ते १९६५ मध्ये जुळले.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी 'सामयांग राम्यॉन' बाजारात आले. शंभर ग्रॅमचे पाकीट, किंमत दहा वोन. सुरुवातीला ते खपेना. 'म्यॉन' या शब्दाचा एक अर्थ सुती कापड असाही होतो, त्यामुळे अनेकांना हा कापडाचाच प्रकार वाटला. कंपनीने रस्त्यावर शिजवून फुकट वाटले, तेव्हा कुठे लोकांच्या जिभेला ओळख झाली. तेव्हाचा रस्सा कोंबडीचा, फिकट आणि जपानी वळणाचा होता. त्यात तिखट घाला, असे खुद्द राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी सुचवले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, रस्सा पुढे लाल झाला हे खरे.

त्यामागे सरकारही होते. तांदळाचा तुटवडा झाकण्यासाठी मिश्र धान्य आणि गव्हाचे पीठ खाण्याची मोहीमच चालली. ठरावीक दिवशी खानावळींत भात देण्यास बंदी असे. शाळेत शिक्षक मुलांचे डबे उघडून भातात पुरेसे जव मिसळले आहेत की नाही, हे तपासत. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हाकेला ओ देऊन आपल्याकडे सोमवारी रात्री चुली थंड राहत, हॉटेले बंद राहत, याची इथे आठवण होते. आपल्याकडे ते आवाहन होते, तिकडे लष्करी राजवटीचा हुकूम होता. पण टंचाई सारखीच होती.

या जागी मला राम्यॉनच्या तिखटाचा अर्थ लागला. माझी आई बहात्तरच्या दुष्काळातल्या मिलोच्या भाकरीबद्दल सांगायची. रेशनवर आलेले ते तांबडे परदेशी धान्य घशाखाली उतरत नसे. उतरायचे ते ठेच्याच्या बळावर. "मिरची होती म्हणून भाकर गेली," हे तिचे वाक्य. भाजी नाही, डाळ नाही, दूध नाही, अशा ताटात पिठाचा गोळा गिळायला मिरची आणि मीठ लागते. स्वस्तात जेवणाचा आभास निर्माण करणारी एवढी ताकद दुसऱ्या कुठल्या पदार्थात नाही. कोरियातही आयते आलेले पीठ, मीठ आणि तिखट यांचीच ही युती होती. कोरियन माणूस कढत, झणझणीत रस्सा पिऊन 'शिवॉनहादा' म्हणतो. म्हणजे 'गार वाटले, मोकळे वाटले'. घाम फुटल्यावर येणारा तो हलकेपणा ठेचा खाणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

पुढची वीस वर्षे राम्यॉन हे गिरणी कामगारांचे, विद्यार्थ्यांचे, भाड्याच्या खोलीत एकट्याने राहणाऱ्यांचे अन्न झाले. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत पी. टी. उषाने चार सुवर्णपदके जिंकली, ती आपल्याला पाठ आहेत. त्याच स्पर्धेत आठशे मीटरमध्ये आपली शायनी अब्राहम लेन चुकल्याने बाद झाली आणि सुवर्ण इम चुन-ए या सडपातळ कोरियन मुलीला मिळाले. तिने एकूण तीन सुवर्णपदके पटकावली. ती राम्यॉन खाऊन धावली, दूध पिणाऱ्या मैत्रिणींचा तिला हेवा वाटे, असे वृत्तपत्रांनी छापले. हे शब्द आपले नाहीत, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. पण देशाला ती गोष्ट हवी होती. उपासमारीतून सुवर्णापर्यंतचा स्वतःचाच प्रवास त्याला तिच्यात दिसत होता. त्याच शरद ऋतूत नोंगशिम कंपनीने 'शिन राम्यॉन' आणले. 'शिन' म्हणजे तिखट. पहिल्यांदाच तिखट हेच पाकिटाचे नाव झाले.

१९८९ मध्ये औद्योगिक दर्जाची गोमांस चरबी तळणाला वापरल्याचा आरोप ठेवून सरकारी वकिलांनी सामयांगसह काही कंपन्यांवर खटले भरले. खप कोसळला, कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले, पण गेलेली बाजारपेठ परत आली नाही. २०१५ मध्ये मॅगीवर आलेली बंदी मुंबई उच्च न्यायालयाने दोन-अडीच महिन्यांत रद्द केली होती. सामयांगला आठ वर्षे वाट पाहावी लागली. जे अन्न सगळे खातात, त्याविषयीचा संशय किती वेगाने पसरतो आणि खुलासा किती रांगत येतो, हे दोन्हीकडे दिसते.

खचलेल्या सामयांगला वर काढले ते दुसऱ्या एका रांगेने. संस्थापकांच्या सूनबाई किम जुंग-सू यांनी २०११ मध्ये सोलच्या म्योंगदोंग भागात एका जहाल तिखट खानावळीबाहेर तरुणांची गर्दी पाहिली. एप्रिल २०१२ मध्ये बुलदाक आले. तिखटपणा मोजण्याच्या स्कोव्हिल मापावर ते ४,४०४ भरते. २०१४ पासून ते खाऊन दाखवण्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या. जून २०२४ मध्ये डेन्मार्कने त्याचे तीन प्रकार अति तिखट म्हणून बाजारातून मागे घ्यायला लावले, पुढच्याच महिन्यात दोन परत येऊ दिले. एवढी फुकट जाहिरात कुठल्या कंपनीला मिळते?

नामदेमुनची रांग आणि म्योंगदोंगची रांग यांच्यात सुमारे पन्नास वर्षांचे अंतर आहे. पहिल्या रांगेतल्यांना पोट भरायचे होते. दुसऱ्या रांगेतल्यांचे पोट भरलेले होते, त्यांना जीभ पोळून घ्यायची होती. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने अशा सुखाला निरुपद्रवी आत्मपीडा म्हटले आहे. धोका नाही हे मनाला ठाऊक असते, शरीर मात्र आगीची वर्दी देत राहते, आणि त्या फसवणुकीतच मजा असते. ही मजा परवडायला आधी देश सुस्थितीत यावा लागतो.

पण पहिली रांग खरोखर संपली का? २८ मे २०१६ रोजी सोलच्या गुई मेट्रो स्थानकात फलाटावरचे सरकते दार दुरुस्त करताना एक एकोणीस वर्षांचा कंत्राटी कामगार गाडी आणि दार यांच्यामध्ये सापडून मेला. दोघांचे काम तो एकटा करत होता. त्याच्या पिशवीत अवजारांबरोबर एक न उघडलेला राम्यॉनचा कप आणि चमचा सापडला. जेवायला वेळच मिळाला नव्हता. लोकांनी त्या फलाटावर फुले वाहिली, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि शेजारी राम्यॉनचे कप ठेवले.

ते कप ठेवणाऱ्यांना राम्यॉनचा इतिहास कुणी शिकवावा लागला नाही. आपल्या मुलांच्या हातातल्या काळ्या पाकिटावर तो छापलेला नाही. पैज लावून खाताना त्यांना तो ठाऊक असलाच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. मात्र कुणी विचारले, की हे इतके तिखट का, तर उत्तर देताना आधी मिलोची भाकर सांगावी आणि मग कोरिया.