आधी अभिवादन, मग बोलणे

एखाद्या समाजाला नाव कशावरून पडते? कधी प्रदेशावरून, कधी धंद्यावरून, कधी एखाद्या मूळ पुरुषावरून. पण पश्चिम आफ्रिकेतल्या एका मोठ्या समाजाला परमुलखात चक्क त्याच्या नमस्कारावरून नाव पडले होते. हे लोक म्हणजे योरुबा. शिक्षक बंधुभगिनींनी आफ्रिकेचा नकाशा समोर घेतला, तर गिनीच्या आखाताला लागून नायजेरिया देश दिसेल. त्याच्या नैर्ऋत्येकडील भाग आणि शेजारच्या बेनिन देशाचा काही भाग हा योरुबांचा मुलूख. इबादान, ओयो, इफे, अबेओकुटा ही त्यांची नावाजलेली शहरे. आज त्यांची संख्या चार कोटींच्या वर आहे.

नावाची हकीगत अशी. १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला. त्यानंतर इंग्रजी आरमार समुद्रात गुलामांची जहाजे अडवू लागले आणि सुटका झालेल्या माणसांना सिएरा लिओनमधील फ्रीटाउन येथे उतरवू लागले. त्याच सुमारास योरुबांचे जुने ओयो साम्राज्य मोडकळीस आले. आपसातल्या लढायांत हजारो माणसे पकडून विकली गेली आणि त्यांतली पुष्कळशी या रीतीने फ्रीटाउनला पोहोचली. घर गेले, गाव गेले, आप्त गेले. तोंडात भाषा तेवढी राहिली. ही माणसे एकमेकांना भेटली की 'ए कू', 'ए कू' म्हणत. ते ऐकून तेथील इतर लोक त्यांना 'अकू' म्हणू लागले. कोएले नावाच्या जर्मन मिशनऱ्याने १८५४ साली आफ्रिकेतील भाषांचा एक मोठा शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातही हे नाव आले आहे आणि ते अभिवादनावरून पडल्याचा खुलासाही आहे.

आता हे 'ए कू' आहे तरी काय? अभिवादनाची ही सुरुवात. तिच्यापुढे प्रसंग जोडायचा, की त्या प्रसंगाचा नमस्कार तयार. काम करीत असलेल्या माणसाला 'ए कू इशे' म्हणायचे, कारण 'इशे' म्हणजे काम. बाजारात माल मांडून बसलेल्या बाईला बाजाराचा नमस्कार, पाऊस पडत असेल तर पावसाचा, सणाला सणाचा. नुसत्या बसलेल्या माणसालाही बसल्याचा नमस्कार आहे, बरं का! बाळंतीण सुखरूप सुटली, की तिला जो नमस्कार करतात त्यात 'संकट' हा शब्द येतो. जिवावरच्या प्रसंगातून तू पार पडलीस, हे आम्ही जाणतो, असा त्याचा भाव. मयत झालेल्या घरी जायचे, तर त्यालाही वेगळे शब्द आहेत. म्हणजे समोरचा माणूस कोणत्या अवस्थेत आहे हे आधी डोळ्यांनी पाहायचे आणि मग तोंड उघडायचे. आपल्याकडेही शेताच्या बांधावरून जाताना 'काय, झाली का पेरणी?' असे विचारतो, ते काही माहिती मिळवण्यासाठी नव्हे. योरुबांनी या गोष्टीचे एक शास्त्रच करून ठेवले आहे.

यातला 'ए' हा मानाचा आहे. बरोबरीच्याला किंवा लहानाला 'ओ', थोरांना आणि अनेकांना 'ए'. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही' यांसारखाच हा भेद आहे, त्यामुळे मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारीत नाहीत. बाईला बहुधा अमक्याची आई म्हणूनच संबोधतात.

शब्दांबरोबर देहही झुकला पाहिजे. पुरुषांनी वडिलांपुढे जमिनीवर पालथे पडायचे, याला 'दोबाले' म्हणतात. आपल्या साष्टांग नमस्काराच्या जवळचा हा प्रकार. स्त्रियांनी गुडघे टेकायचे, त्याला 'कुन्ले' म्हणतात. काही ठिकाणी आडवे होऊन आधी एका कुशीवर आणि मग दुसऱ्या कुशीवर वळण्याचीही रीत आहे. शहरात रोजच्या व्यवहारात हे आता पुष्कळसे आखडले आहे. पुरुष कमरेत वाकून हात जमिनीकडे नेतो, स्त्री गुडघा किंचित मोडते. पण लग्नात आजही नवरदेव आपल्या मित्रांसह मुलीच्या घरच्यांपुढे अंगणात आडवा होतो, मग तो कितीही शिकलेला असो. ज्याला हे सारे वळण आहे, तो 'ओमोलुआबी', म्हणजे चांगल्या चालीचा, खऱ्या संस्काराचा माणूस. धन आणि विद्या असून अभिवादन चुकले, तर ही पदवी मिळत नाही.

ही रीत किती चिवट आहे याची साक्ष क्यूबा बेटावर मिळते. तेथील उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी पुष्कळ योरुबा गुलाम नेले गेले. त्यांच्यापासून चालत आलेल्या लुकुमी नावाच्या धर्मपरंपरेत आजही दीक्षितांनी वडील दीक्षितांपुढे जमिनीवर लोटांगण घालायचे असते. कोणी सरळ पालथा पडतो, कोणी दोन्ही कुशींवर वळतो. त्या विधीचे नावही योरुबाच आहे, 'मी मस्तक जमिनीला लावतो' अशा अर्थाचे. मळ्याच्या मालकापुढे वाकणे सक्तीचे होते. पण आपल्यातल्या थोरापुढे वाकणे हे या लोकांनी स्वतःहून राखले. दोन्हींत माणूस वाकतोच, पण अर्थ किती निराळा!

आता प्रश्न येतो परक्याचा. बाहेरून आलेल्याने काय करावे? इतिहासात हा प्रश्न स्पष्टपणे पुढे आला तो १८२६ च्या जानेवारीत. ह्यू क्लॅपर्टन हा स्कॉटिश प्रवासी ओयोच्या राजधानीत पोहोचला. ओयोच्या राजाला 'अलाफिन' म्हणतात. दरबारी मंडळी त्याच्यापुढे धुळीत पालथी पडत आणि जमिनीला ओठ लावीत. भेटीपूर्वी दरबाराने पाहुण्याला ही रीत कळवली. क्लॅपर्टनने साफ सांगितले, की असे काही करावयाचे असेल तर मी इथूनच परत फिरतो. मी टोपी काढीन, वाकून मुजरा करीन आणि राजाची इच्छा असेल तर हस्तांदोलन करीन. निरोप आत गेला. उत्तर आले, की ठीक आहे, तसे करावे.

श्रोतेहो, या उत्तराचा विचार करण्याजोगा आहे. स्वतःच्या सरदारांना धुळीत लोळायला लावणारा राजा परक्याचा मुजरा मान्य करतो, तो का? मला याचा उलगडा असा वाटतो. पाहुण्याने मान द्यायला नकार दिला नव्हता, फक्त त्याचे रूप बदलून मागितले होते. आपल्या देशात राजापुढे जे करतात ते तो करायला तयार होता. दरबाराने तो मान ओळखला आणि दोघांचीही अब्रू राहिली.

पुढे मात्र परक्याची पाहुणकी संपली आणि सत्ता सुरू झाली. मग हा समजूतदारपणा टिकला नाही. राजाने दिलेल्या एका शिक्षेवरून वाद पेटला आणि १८९५ च्या नोव्हेंबरात कॅप्टन बॉवर याने ओयो शहरावर तोफा डागल्या. वरिष्ठ कोण, या प्रश्नाचे उत्तर तोफेने दिले गेले. उलट उदाहरणही आहे. मण्यांचा राजमुकुट घालण्याचा अधिकार कोणत्या राजांना, असा तंटा १९०३ साली लागोसच्या गव्हर्नरापुढे आला. गव्हर्नर मॅक्ग्रेगर यांनी स्वतः निकाल न देता, ज्याच्या शब्दाला या बाबतीत मान होता त्या इफेच्या राजाला, म्हणजे 'ओनीं'ना, पाचारण केले. तोवर कोणताही ओनी इफे सोडून असा बाहेर पडला नव्हता. ते परत येईपर्यंत इतर राजेही आपापल्या वाड्यांबाहेर राहिले, असे सांगतात. हुकूम गव्हर्नराचा होता खरा, पण निर्णयाचा मान ओनींचा राहिला.

हा प्रश्न आज मिटला आहे असे मात्र समजू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये ओयो प्रांतातील इसेयिन येथे एका समारंभात माजी राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांनी जमलेल्या राजांना 'उठा' आणि मग 'बसा' असे जाहीरपणे फर्मावले. निवडून आलेल्या गव्हर्नरासमोर राजे उभे राहिले नाहीत, हा त्यांचा आक्षेप. पदाने गव्हर्नर श्रेष्ठ, असे ते म्हणाले. पुष्कळांना तो गादीचा अपमान वाटला. वाद घालणारे दोघेही योरुबाच. म्हणजे कोणी कोणापुढे उठावे, हा त्यांच्या घरातही अजून जिवंत प्रश्न आहे.

मग साध्या परक्या प्रवाशाने काय करावे? त्याने लोटांगण घालावे अशी कोणाची अपेक्षा नसते. आधी अभिवादन करावे आणि मग कामाचे बोलावे. थोराला नावाने हाक मारू नये. हस्तांदोलनासाठी आपण होऊन हात पुढे करू नये, थोराने केला तर घ्यावा. वस्तू डाव्या हाताने देऊ नये. किंचित वाकून 'ए कू इशे' म्हटले, उच्चार चुकला, तरी समोरचा हसून दुरुस्त करतो. न बोलता थेट कामावर येणारा मात्र कितीही मोठा असला तरी उणाच ठरतो. परक्याची रीत निराळी असू शकते, हे योरुबांना ठाऊक आहे. रीतच नसणे, हे त्यांना समजत नाही.